माजी शाखाप्रमुख

करंजमाळच्या फाट्यावर गाडी वळली आणि प्रियदर्शनीला समोर स्वतःचंच तोंड दिसलं. चांगलं परातीएवढं.

फ्लेक्स होता. मधोमध तिचा धाकटा दीर, हवालदार वीरधवल फडतरे, वर्दीत. त्याच्या पाठीमागे बर्फाचे डोंगर आणि का कोण जाणे, एक झेपावणारा वाघ. वर मोठ्या अक्षरांत ‘सेवापूर्ती सोहळा’. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, सरपंचाच्याही आधी, ती. काळा कोट, गळ्यात ओळखपत्र, आणि नावाखाली ठसठशीत पिवळ्या रंगात : शाखाप्रमुख, विमा कंपनी, सांगली.

“अगं बाई!” प्रियदर्शनी म्हणाली.

“बरा आलाय की फोटो,” गाडी चालवणारा जयराज म्हणाला. “माझा बघ. आधार कार्डावरचा उचललाय. नवरा वाटतोय की संशयित?”

“जय, मी आता शाखाप्रमुख नाहीये.”

“ते तुला माहीत, मला माहीत. फ्लेक्सवाल्याला कोण सांगणार?”

मागच्या सीटवरून आठ वर्षांच्या सईने मान पुढे घातली. “मम्मी, तू शाखाप्रमुख नाहीस, मग आता कोण आहेस?”

“आत्तापुरती तुझी आई आहे. आणि काल काय ठरलंय आपलं?”

सईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शेजारी राजसने कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढलं, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, “ही दुपारपर्यंत फुटणार.” मग बोंडूक परत कानात.

प्रियदर्शनीची धास्ती समजायची तर करंजमाळची रीत माहीत पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या या गावात ऊस आणि सैनिक दोन्ही सारखेच पिकतात. घरटी एक पोरगा पलटणीत. सर्व्हिस भरली की तो चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, आणि गाव त्याला आणायला फाट्यावर जातं. फुलांनी मढवलेली उघडी जीप, पुढे हलगी, दारोदारी ओवाळणी, डोक्याला फेटा, मारुतीच्या देवळापुढे भाषणं आणि मग बुंदीचं जेवण. “एवढ्या लवकर का रं सोडलीस?” असं त्याला कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. आला तो जिंकूनच आला.

वीरधवल आणि प्रियदर्शनी एकाच वयाचे. दोघांनी एकाच महिन्यात काम सोडलं. तो आज जीपमधून येणार होता. ती याच फाट्यावरून, स्वतःच्याच फोटोखालून, मान खाली घालून चोरासारखी चालली होती. कारण तिने ही नोकरी सोडणार नाही असा शब्द दिलेला होता. आणि ज्याला दिला त्याला अजून काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे तिचे सासरे. सुभेदार मानसिंग फडतरे, निवृत्त. गाव त्यांना तात्या म्हणतं. आवाज असा की घरात मीठ मागितलं तरी शेजारी सावधान होतात. सांगलीला प्रियदर्शनीला बघायला आले तेव्हा पोह्यांच्या बशीला हातही न लावता त्यांनी विचारलं होतं, “नोकरी करतीस?”

“हो. इन्शुरन्स कंपनीत लागलीय नुकती.”

तिच्या वडिलांनी घाईघाईने मधे तोंड घातलं, “लग्नानंतर सोडेल ती, तसं काही नाही...”

“थांबा जरा. मी तिला इचारतोय.” तात्या तिच्याकडे वळले. “नोकरी सोडणार न्हाईस न्हवं?”

आधीच्या तीन स्थळांनी ‘सोडणार ना?’ असं विचारलेलं. हा प्रश्न उलटा ऐकून तिला हसूच फुटलं. “नाही सोडणार.”

“शब्द?”

“शब्द.”

“बास. माझ्याकडनं पसंत. आता पोराला इचारा त्याचं काय म्हननं हाय.”

पोरगं म्हणजे जयराज. सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा, घरात पंखा उगाच चालू राहिला तर चिडणारा, एरवी अजिबात न चिडणारा. तो पोह्यांचा दुसरा घास खात होता. त्याने मान डोलावली.

पुढे राजस झाला. बाळंतपणाची रजा संपत आली तशी प्रियदर्शनी रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करू लागली : पोराला सांभाळणार कोण? तात्यांनी करंजमाळच्या ओसरीवर उभं राहून बायकोला हुकूम सोडला, “शकू, तुझी पोस्टिंग सांगलीला.”

आणि शकुंतलाबाई, ज्यांनी तोवर लग्नकार्य सोडता गावाबाहेर मुक्काम केला नव्हता, त्या तात्यांची काळी लोखंडी ट्रंक घेऊन सांगलीच्या फ्लॅटमध्ये हजर झाल्या. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तात्यांचं नाव, नंबर, पलटण. राजस मोठा झाला, सई झाली, सई शाळेत जाऊ लागली, शकुंतलाबाई तिथेच. ट्रंक दिवाणाखाली.

“आत्या, कपाटात तुमच्यासाठी दोन खण रिकामे ठेवलेत,” प्रियदर्शनी दर दिवाळीला सांगायची.

“ऱ्हाऊ दे गं. पोस्टिंगवरचं मानूस ट्रंकेतच ठेवतं.”

प्रियदर्शनी हसून सोडून द्यायची. तिला तरी थांबून विचार करायला वेळ कुठे होता? ती वर वर चढत होती. आधी टेबल, मग केबिन, मग केबिनला काचेचं दार. पुण्याहून पृथ्वीराज सरांचा फोन सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाच्या मधे. आकडा झाला का? का नाही झाला? मिरजेचा झाला, तुमचा का नाही? फोन वाजला की ती हातातलं टाकून पर्स उपसायची. भाजीवालीचा तसल्याच ट्यूनचा फोन वाजला तरी उपसायची. म्हणून तिने रिंगटोन बदलून कोकिळेची लावली. म्हटलं, जरा प्रसन्न वाटेल.

मग चैत्र आला. एका रविवारी सगळे हरिपूरला नदीकाठी गेले होते. कागदात भडंग, वर चिरलेला कांदा, सई आजीच्या मांडीवर, आणि पलीकडच्या आंब्यावर खरी कोकीळ ओरडली. प्रियदर्शनी ताडकन उभी राहिली आणि त्या झाडाकडे तोंड करून म्हणाली, “येस सर! बोला सर!”

पोरं हसून हसून लोळली. जयराजही हसला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. भडंग खाली सांडून ती अजूनही पर्समध्ये फोन शोधत होती. तो हसायचा थांबला.

घरी आल्यावर दोघं शांतपणे बसून बोलले. नवी गाडी नाही, जुनीच ढकलायची. उन्हाळ्यात केरळ नाही, करंजमाळ. जमेल. काटकसर करावी लागेल, पण जमेल. तरी मनाचा हिय्या व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. राजीनामा दिला तेव्हा पृथ्वीराज सर म्हणाले, “मॅडम, स्पष्ट बोला. तुम्हाला काय हवंय? पुण्याला घेऊ का?”

“सर, झोप हवीय.”

“ते ठीक आहे, पण त्याव्यतिरिक्त?”

नोटीसचे तीन महिने तिने प्रामाणिकपणे भरले. घरात सासूला सांगायला म्हणून रोज तोंड उघडायची आणि रोज बंद करायची. काय सांगणार? तुम्ही जिच्यासाठी गाव, घर, नवरा सोडून इथे येऊन बसलात, ती नोकरी मी दिली सोडून? आठवड्यापूर्वी शकुंतलाबाई सोहळ्याच्या तयारीला गावी आल्या. शुक्रवारी प्रियदर्शनीने काचेचं दार शेवटचं लोटलं. आणि आज रविवार, हा फ्लेक्स.

“आज सकाळीच तात्यांना सांगते,” गाडीतून उतरताना ती म्हणाली. “माइकवर माझं नाव घ्यायच्या आत.”

“सांग. मी आहेच तुझ्या पाठीशी,” जयराज म्हणाला आणि मांडववाल्याला मदत करायला पसार झाला.

तात्या अंगणात जीपपाशी उभे होते. पांढरा शर्ट, वर निळा कोट, छातीवर पदकं. एका पोऱ्याला हार बांधायला लावलेलं.

“तात्या, जरा बोलायचं होतं.”

“बोल की... आरं आडवा न्हाई, हुबा बांध! ती जीप हाय का नवरदेवाची घोडी? हां, बोल.”

“माझ्या नोकरीचं...”

“बघितलास का फ्लेक्स?” तात्यांचा चेहरा फुलला. “सरपंच आला हुता कुरकुरत. म्हनला, तात्या, माझा फोटू सुनंच्या खाली का? मी म्हनलं, गड्या, तुला गावानं बशिवलाय. ती सोताच्या हिमतीवर बसलीया.”

प्रियदर्शनीने पुन्हा सुरुवात केली. तात्या तोवर ड्रायव्हरकडे वळले होते.

मग ती स्वयंपाकघराकडे गेली. शकुंतलाबाई ओवाळणीची ताटं लावत होत्या. शेजारच्या बनुबाई उंबऱ्यावर बसून अक्षता निवडत होत्या, म्हणजे मुख्यत्वे बोलत होत्या.

“आली का गं साहेबीनबाई! बस. काय शकू, आता सोहळा झाला की परत चाललीस व्हय नोकरीवर?”

“माझी कसली नोकरी?” शकुंतलाबाई ताटातलं निरांजन सारखं करत म्हणाल्या.

“नोकरीच की. सून जातीया हापिसात, तू जातीस सुनंच्या घरात. फरक इतकाच, तिला सुट्टी आस्ती.”

बायका हसल्या. शकुंतलाबाईही हसल्या, पण ते निरांजन त्यांनी तीनदा सारखं केलं.

“आत्या, तुमच्याशी एकटीशी बोलायचं होतं,” प्रियदर्शनी खालच्या आवाजात म्हणाली.

“मागनं. पयलं कुंकवाची डबी आन.” मग थांबून त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. “न्याहारी केलीस?”

“केली.”

“अलीकडं बरी खातीस. दोन-तीन म्हैनं बघतीया मी.” आणि त्या ताट उचलून चालू लागल्या. प्रियदर्शनी कुंकवाची डबी हातात घेऊन तशीच उभी.

तेवढ्यात फाट्यावर हलगी कडाडली.

जीप आली, तीत वीरधवल उभा, गळ्यात इतके हार की फक्त मिश्या दिसत होत्या. दारोदारी बायका जीपच्या चाकांवर पाणी घालत होत्या, ओवाळत होत्या. आईसमोर आल्यावर मात्र हा सहा फुटी गडी जीपमधून उडी मारून उतरला आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून मोठ्याने रडला. हलगीवाल्यानेही शहाणपणाने जरा दम खाल्ला.

वहिनीच्या पाया पडायला वाकला तेव्हा तो तिच्या कानाशी कुजबुजला, “वैनी, कुनाला सांगू नका. पर लय भ्या वाटतंय. उद्या सकाळी उठून करायचं काय ओ?”

“भाऊजी, मलाही तेच कुणाला तरी विचारायचं होतं.”

वहिनी समजूत काढतीय असं वाटून तो हसला आणि पुढे गेला.

मारुतीच्या देवळापुढे मांडव. माइक अर्थातच आप्पासोंच्या हातात. आप्पासो हे करंजमाळचे कायमचे सूत्रसंचालक. बारसं असो नाहीतर दशक्रिया, माइक त्यांच्याकडे. त्यांना दोन गोष्टी सहन होत नाहीत : दुसऱ्याच्या हातातला माइक आणि शांतता.

“...आणि आता, मंडळी! देशाची सीमा राखली दीरानं, तर घराची शान राखली वहिनीनं! जिच्या केबिनीला काचेचा दरवाजा हाय! जिला विचारल्याबिगर सांगलीत पान हालत न्हाई! आपल्या गावची थोरली सून, शाखाप्रमुख, सौभाग्यवती प्रियदर्शनी जयराज फडतरे यांना मी विनंती करतो, दोन शब्द बोलावेत!”

टाळ्या. पहिल्या रांगेत तात्या छाती काढून बसलेले. मांडवाच्या कडेला आचाऱ्यांपाशी हातात पळी घेऊन शकुंतलाबाई. बायकांच्या घोळक्यात सई, दोन्ही हात तोंडावर.

प्रियदर्शनीने माइक घेतला. दिराबद्दल ती चार वाक्यं बरी बोलली. तिथे थांबता आलं असतं. नमस्कार, जय हिंद, खाली. पण समोर तात्या बसले होते. उद्या हे सगळं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर आजचं गप्प बसणं खोटं बोलण्याइतकंच ठरलं असतं.

“आप्पासो जे म्हणाले त्यात एक दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “मी शाखाप्रमुख होते. शुक्रवारी नोकरी सोडली. कायमची. तेव्हा... माजी शाखाप्रमुख म्हणा.”

मांडव चिडीचूप. मागे कुठेतरी पातेल्यावरचं झाकण पडलं आणि बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं. सईने तोंडावरचे हात काढले आणि मोकळा श्वास घेतला.

आप्पासोंना ती शांतता चार क्षण सोसली. मग त्यांनी माइक ओढून घेतला.

“माजी!” ते गरजले. “मंडळी, ह्या गावात माजी म्हंजे काय? तात्या कोन? माजी सैनिक! लालासाहेब कोन? माजी चेअरमन! मी सोता कोन? माजी उपसरपंच! आवं, आपल्या गावात मानूस माजी झाल्याबिगर त्याला खुर्ची मिळत न्हाई! वाजवा टाळ्या!”

लोक हसले आणि टाळ्याही पडल्या. तात्यांच्या मात्र नाही. ते हातातली काठी दोन गुडघ्यांत धरून जमिनीकडे बघत होते.

पंगती बसायच्या गडबडीत प्रियदर्शनी मांडवाच्या मागे गेली. बुंदीच्या परातींपाशी उभी राहिली. मागून आवाज आला, हजेरी घेतल्यासारखा.

“प्रियदर्शनी फडतरे.”

“जी, तात्या.”

“शब्द दिला हुतास.”

“दिला होता.”

“मग?”

तिने पाठ केलेली सगळी वाक्यं ऐनवेळी पळून गेली. उरली ती हरिपूरची कोकीळ. तिने ती सांगितली. आंबा, भडंग, येस सर, सगळं. सांगताना तिचेच डोळे भरून आले.

तात्या गंभीरपणे ऐकत होते. “कोकिळंला?”

“हो.”

“सर म्हनलीस?”

“बोला सर म्हटलं.”

तात्यांच्या मिशीचं एक टोक हललं. त्यांनी ते लगेच आवरलं. “मला येक सांग. सोडून आलीस का पळून आलीस?”

“म्हणजे?”

“आमच्यात दोन परकार. चार्ज देऊन, सलाम करून येतो तो सुटला. आन् रातचा कुंपनावरनं उडी मारतो तो भगोडा. चार्ज दिलास?”

“दिला, तात्या. नोटीस पूर्ण भरली. नवीन मॅडम आल्या त्यांना महिनाभर सगळं शिकवलं. शेवटच्या दिवशी त्या रडल्या.”

“तू जानार म्हनून?”

“नाही. काम काय आहे ते तोवर त्यांना कळलं होतं.”

आता तात्या हसले. आधी पोटातून, मग खांद्यांतून, आणि शेवटी तो आवाज फुटला तसे चार आचारी वळून बघू लागले. “म्हंजे तुझी सर्विस भरली म्हनायची. माझ्याकडनं मोकळी. पर पोरी...” ते एकदम आवाज उतरवून म्हणाले, “मला सांगून काय उपेग? तुझी खरी आपिसर तिकडं हुबी हाय.”

शकुंतलाबाई मसालेभाताच्या पातेल्यापलीकडे उभ्या होत्या. हातात पळी. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

“आत्या,” प्रियदर्शनी पुढे झाली, “तुम्ही माझ्यासाठी एवढी वर्षं घर सोडून राहिलात, आणि मी...”

“थांब. मला नीट कळू दे.” शकुंतलाबाईंनी पळी रोखली. “उद्यापासनं तू दिवसभर घरी?”

“हो. काही महिने तरी. मग सांगलीतच अर्ध्या दिवसाचं काहीतरी बघेन. अजून ठरलं नाही.”

“पोरं शाळंतनं आली की तू घरात?”

“हो.”

“सईची येनी?”

“मी घालीन.”

“राजसचा डबा?”

“मीच करेन, आत्या.”

शकुंतलाबाईंनी पळी हळूच पातेल्यावर ठेवली. पदराला हात पुसले. आणि मग अशा आवाजात विचारलं, की जणू कुणी नाही म्हणेल याची भीती वाटत होती :

“म्हंजे... मी सुटले?”

आधी तात्या भानावर आले. “सुटले म्हंजे? तुला काय जेलात घातली हुती?”

“तुमी गप बसा!” शकुंतलाबाई गरजल्या, आणि सुभेदार मानसिंग फडतरे गप बसले. “पोस्टिंग काढताना तवा लय कडक आवाज हुता. माघारी बोलवायचा हुकूम कुठं हरवला? पोरं साळंला लागली, मोठी झाली, कुनी इचारलं का मला?”

“आत्या, तुम्ही तरी सांगायचं...”

“कवा सांगू?” त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “तू यायचीस आठला, तोंड हे येवढंसं करून. बूट काढायच्या आदी फोन. दमल्याल्या मानसाला कुनी म्हनतं का, मला घरी जायचंय म्हनून? फ्लॅटात काय कमी न्हवतं बाई. पोरांनी जीव लावला. पर सकाळी खिडकी उघडली की म्होरं दुसऱ्याची खिडकी. हिकडं माजी भिशी, माजं परडं, आन् ह्यो बाबा येकटा भाकरी थापतोय.”

“करपवतोय,” तात्या पुटपुटले.

प्रियदर्शनी मटकन बुंदीच्या परातीशेजारच्या खुर्चीत बसली. शेवटची कितीतरी वर्षं ती याच विचाराने रेटत आली होती, की आत्या माझ्यासाठी इथे अडकल्यात, मग मी नोकरी सोडून कसं चालेल? आणि आत्या अडकल्या होत्या, कारण ही सोडत नव्हती. तिला हसू यायला लागलं. हसता हसता नाक पुसावं लागलं. शकुंतलाबाईंनी आपला पदर पुढे केला आणि मग त्याच पदराने स्वतःचंही पुसलं.

“आई,” मागून आवाज आला. वीरधवल जेवायला म्हणून आला होता आणि बुंदीची वाटी हातात धरून हे सगळं ऐकत उभा होता. “माजी सर्विस जास्त का तुजी?”

“मला काय ठावं?”

“तुजी बिनसुट्टीची. मला सालातनं दोन म्हैनं रजा हुती.” त्याने वाटी ठेवली, गळ्यातला सगळ्यात मोठा झेंडूचा हार काढला आणि आईच्या गळ्यात घातला. “चल. जीप हाय अजून.”

“येडा झालास का रं? ह्या वयात जीपवर? लोकं काय म्हनतील?”

“काय म्हनायचं ते म्हनू दे. आप्पासो!”

आप्पासो पहिल्या पंगतीत होते. माइक चालू झाल्याचा खरखर आवाज आला तसे ते अर्ध्या पानावरून उठले.

शकुंतलाबाई नको नको म्हणत होत्या. नको म्हणतच जीपपर्यंत आल्या. नको म्हणतच एक पाय वर ठेवला. मग वीरधवलच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “बनूच्या दारावरनं जाईल का ही?”

“जाईल की!”

“मग बसते.”

तात्यांनी बसू दिलं नाही. “बसायचं न्हाई. हुबं ऱ्हायचं. दांडी धर. छाती फुडं.” आणि सुभेदारसाहेब पदकांसकट जीपच्या पुढे चालू लागले.

हलगीवाले भरल्या पोटाने वाजवत होते, पण वाजवत होते. आप्पासो गरजत होते, “सांगली सीमेवर अखंड सेवा बजावून, दोन नातवंडं सुखरूप वाढवून परतलेल्या, माजी आजी... न्हाई न्हाई, आजी त्या आजी हायतच...” जयराज जीप चालवत होता, कारण ड्रायव्हर जेवायला बसला होता. राजसने पहिल्यांदाच दोन्ही बोंडकं काढून फोन उंच धरला होता, आणि सई आजीच्या पायाला मिठी मारून उभी होती. प्रियदर्शनी जीपच्या बाजूने चालत होती, एक हात फुलांच्या कडेवर.

खालच्या आळीत बनुबाई दारात आल्या. त्यांनी आधी जीप बघितली, मग हार, मग शकुंतलाबाई.

“आगं शकू! हे काय सोंग?”

“नोकरी सुटली माजी!” शकुंतलाबाई वरून म्हणाल्या. एका हाताने दांडी, दुसऱ्या हाताने पदर. “उद्या सकाळी ये च्याला. कायमची आले.”

बनुबाई तडक आत गेल्या. प्रियदर्शनीला वाटलं, रागावल्या. पण त्या तांब्या आणि ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या, आणि जीपच्या चाकावर पाणी ओतत म्हणाल्या, “येत जा म्हनलं तर दिवाळीला येक दिस येत हुतीस, मरतुकडे. बोलायला मानूस न्हवतं मला.”

इतक्यात बनुबाईंच्या परड्यातल्या आंब्यावर कोकीळ ओरडली.

प्रियदर्शनीचा हात आपसूक खांद्यावरच्या पर्सकडे गेला. जीपवरून शकुंतलाबाई खाली वाकल्या.

“खरी हाय,” त्या म्हणाल्या. “ओरडू दे तिला.”

प्रियदर्शनीने हात खाली घेतला. जीप पुढे सरकली तशी तिला एक गोष्ट लख्ख दिसली. सकाळी सई उठेल तेव्हा ओट्यापाशी आत्या नसतील. दुपारी कुलूप उघडायला, संध्याकाळी दिवा लावायला, राजसच्या गणिताच्या मार्कांवर पांघरूण घालायला, कुणी नसेल. सुटली होती ती नोकरीतून, पण ज्या माणसाच्या जिवावर नोकरी केली, ते माणूसही आजच तिच्या हातून सुटत होतं.

“आत्या,” ती जीपबरोबर भराभर चालत म्हणाली, “म्हणजे तुम्ही सांगलीला आता येणारच नाही?”

शकुंतलाबाईंनी वरून सुनेकडे पाहिलं. झेंडूच्या हारात हनुवटी बुडालेली, कुंकू घामाने जरा पसरलेलं.

“ट्रंक तेवढी फुडच्या खेपंला आन,” त्या म्हणाल्या. “आन् सईची येनी घट्ट घालत जा, ती डोकं हालवती. बाकी रजंवर यीन की मी.”

“कधी?”

“आर्ज कर,” शकुंतलाबाई म्हणाल्या आणि छाती पुढे काढून समोर बघू लागल्या. “बगू मंजूर हुतो का.”